पडद्यापलीकडची चूल

४ नोव्हेंबर

जयवंताच्या हृदयातली एक झडप नीट मिटत नाही, असं आज कळलं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. माझा जन्म नागपूरच्या इतवारीत शेठच्या भांड्यांच्या दुकानात नोकरी करण्यात गेला; कुकर कुठून वाफ सोडतो ते मी न उघडता सांगतो. त्यामुळे मला लगेच समजलं. म्हटलं, "बाई, रबर बदलून भागणार नाही का?" त्या हसल्या. म्हणाल्या, "झडपच बदलावी लागेल काका, आणि लवकर. दोन-तीन महिन्यांच्या वर थांबू नका." जयवंता हसली नाही. हातातल्या पिशवीचा बंद पिळत बसली होती.

म्हणजे बाजारात जाताना ती दर दुसऱ्या-तिसऱ्या ओट्यावर टेकायची, ती श्वासासाठी. मला वाटायचं, बाईला बोलायची हौस. गप्पा ती मारायचीच, पण दम परत आल्यावर.

डॉक्टरीणबाई पथ्यपाणी सांगायला लागल्या तेव्हा मी सरकारी आरोग्य योजनेचा काउंटर कुठे आहे ते बघायला उठलो. पथ्य ऐकायला सून होतीच सोबत. काउंटरवर गर्दी होती, म्हणून लांबूनच बघून आलो.

आमची जुनी दोन खोल्यांची घरं मनीषनगरच्या मागच्या अंगाला, नव्या बिल्डिंगांच्या मधे दबून राहिली आहेत. घरात चौघं. मी, जयवंता, मुलगा अंकुश आणि सून कामिनी. अंकुश इतवारीत मालाचा टेम्पो चालवतो, कामिनी घरी ब्लाउज शिवते. रेशनकार्ड केशरी, चौघांत एकच. त्या कार्डावर मोठ्या दवाखान्यात उपचार फुकट होतात, पण अख्ख्या घराला मिळून वर्षाची एक मर्यादा. आणि याच उन्हाळ्यात टेम्पोवरून पडून अंकुशच्या पायात रॉड बसला, तो याच कार्डावर. आता जयवंताच्या वाट्याला उरलं किती, याचा घोर मला लागला आहे.

कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून जयवंताचं नाव आहे. घरातली मोठी बाई ती प्रमुख, असा नियम निघाला होता. मला कोणी विचारलं नव्हतं.

६ नोव्हेंबर

पेपरात बातमी. गरिबांच्या आरोग्य योजनेत बदल करायचं सरकारच्या मनात आहे, हिवाळी अधिवेशनात प्रस्ताव यायची शक्यता. बातमी तीन बोटांएवढी. काय बदल, ते लिहिलेलं नाही.

पानठेल्यावर मात्र सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. एक म्हणाला केशरी कार्ड बाद, फक्त पिवळं चालेल. पानवाला म्हणाला बायकांना पूर्ण आणि पुरुषांना अर्धं. देवराव उमरेड डेपोचा जुना कंडक्टर, पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतो. त्याने पिचकारी मारून घेतली आणि मग सांगितलं, "एका कार्डावर वर्षातून एकच ऑपरेशन देऊन राहिले गा. लिहून ठेव. तुह्या पोराचं झालं, आता वहिनीचं नाही होत."

मी म्हटलं, "मंग?"

"मंग काय, चूल वेगळी दाखव. तू न् वहिनी वेगळे, पोरगा न् सून वेगळे. दोन चुली, दोन कार्ड. माह्या साळ्यानं हेच केलं."

इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. सायकल घरापर्यंत येईतो मनात सगळा बेत पक्का झाला होता. प्रस्ताव मंजूर व्हायच्या आत कार्ड वेगळं करायचं आणि नव्या कोऱ्या कार्डावर जयवंताचं ऑपरेशन करायचं. सरकार दोन पावलं पुढे असेल तर महादेवराव धकाते तीन.

८ नोव्हेंबर

जेवताना घरात सांगितलं. कामिनीच्या हातातली पळी तिथेच थांबली.

"चूल वेगळी? काहून मामाजी? माह्यं काही चुकलं का?"

"कागदावर वं! खरी नाही."

"कागदावरच्या चुलीवर काय शिजते?" जयवंता म्हणाली.

अंकुश म्हणाला, "बाबा, आधी दवाखान्यात विचारून घ्या न, आपलं किती उरलं ते. काउंटर आहे तिथं."

मी त्याला समजावलं, की सरकारी माणसाला आपण होऊन आठवण करून द्यायची नसते. विचारलं की त्याच्या लक्षात येतं. अंकुशने पुढे वाद घातला नाही. तो गुणी आहे, फक्त जग बघितलेलं नाही.

अर्ज मीच लिहिला. जुन्या कार्डातून दोन नावं कमी करणे: महादेव धकाते आणि जयवंता धकाते. अक्षर असं काढलं की साहेबाला वाचायला मजा यावी. सही कुटुंबप्रमुखाची लागते. जयवंताने चष्मा लावला, अर्ज वाचला, पुन्हा वाचला. मला वाटलं अक्षर बघते आहे. मग पेन मागितलं. "जयवंता" लिहून थांबली, श्वास घेतला. "महादेव" लिहून थांबली. "धकाते" येईपर्यंत माझा चहा निवला. मी म्हटलं, "एवढ्या वेळात शेठ सगळ्या दुकानाचा हिशेब करायचे." ती म्हणाली, "शेठले सही करून घर नव्हतं मोडायचं."

रेशनच्या ऑफिसचे जिने माझ्या गुडघ्याला झेपत नाहीत, म्हणून अर्ज कामिनी नेणार आहे. जयवंताने तिला आत बोलावलं, "ये वं इकडे, ब्लाउजचं माप दाखवते तुले." दोघी दार लावून बराच वेळ बसल्या. इतक्या दुखण्यात बाईला ब्लाउज सुचतो, याचं मला कौतुक वाटलं.

१३ नोव्हेंबर

कामिनी ऑफिसात जाऊन आली.

"झालं का?"

"झालं मामाजी. नाव कमी झालं. नव्या कार्डाचा अर्जही टाकून दिला."

"दोघांचं?"

"ज्याचं करायचं त्याचं केलं," असं म्हणून ती भाजी निवडायला बसली. चेहरा उतरलेला होता. रांगेत उभी राहून थकली असणार. बिचारीला वेगळं होण्याचं वाईटही वाटलं असेल. मी म्हटलं, "वं कामिनी, खरं थोडीच हाय?" ती म्हणाली, "तुमच्यासाठी तर खरंच हाय न आता." मला त्याचा अर्थ नीट लागला नाही.

नवं कार्ड द्यायच्या आधी माणूस येऊन चूल बघून जातो म्हणे. कधी येईल सांगत नाहीत. म्हणजे तयारीत राहायला हवं.

१५ नोव्हेंबर

चूल वेगळी केली.

जुन्या शेठकडून वापरलेली दोन बर्नरची शेगडी आणली. टिचकी मारून बघितली, आवाज भरीव आहे. स्वयंपाकघराच्या मधोमध दोरी बांधून जयवंताचं जुनं हिरवं पातळ लटकवलं. पडद्याअलीकडे आम्ही, पलीकडे कामिनी आणि अंकुश. आमच्याकडे एक कढई, तवा, चार ताटल्या आणि मीठ-तिखटाचे डबे. भांडी मांडायच्या कामात माझा कोणी हात धरणार नाही. दुकानासारखी मांडणी झाली. तपासायला येणाऱ्या माणसाला वाटलं पाहिजे की ही चूल जन्मापासून वेगळी आहे.

कडक सूचना दिली. दिवसाउजेडी कोणी कोणाचं काही आणायचं-न्यायचं नाही. माणूस नेमका तेव्हाच दारात उभा राहायचा.

जयवंता पाटावर बसून सगळं बघत होती. म्हणाली, "भातुकली मस्त मांडली."

१८ नोव्हेंबर

कणिक मळताना तिला धाप लागते, म्हणून मी मळली. ती दोन्ही हातांना अशी चिकटली की नाक खाजवायला सून बोलवावी लागली. जयवंता हसायला लागली आणि हसता हसता दमली, छातीवर हात धरून बसून राहिली. मग मी तिला हसवायचं बंद केलं. पोळ्या पडद्यापलीकडून आल्या. दिवस मावळला होता, त्यामुळे नियम मोडला नाही.

२३ नोव्हेंबर

एक गोष्ट लिहून ठेवावीशी वाटते. वेगळं झाल्यापासून कामिनीच्या हाताची चव गेली. आज पडद्याखालून बेसनाचे गोळे घातलेला गोळाभात सरकवला, तर त्यात मीठ नावाला नाही. काल वांग्याची भाजी तशीच. मनातली नाराजी बाई अशीच दाखवणार. मी आमच्या डब्यातलं मीठ माझ्या भातावर घेतलं आणि जयवंताच्या ताटलीतही चिमूट टाकणार, तेवढ्यात पडद्यातून एक हात आला आणि तिची ताटली उचलून घेऊन गेला. दुसरी आली, तीही अळणी. जयवंताने तीही संपवली. मी म्हटलं, "तू प्रमुख आहेस, बोल की सुनेला." ती म्हणाली, "मले आवडते असं."

गेल्या उन्हाळ्यापर्यंत हीच बाई मिठाच्या खारात कैरी बुडवून खायची.

२९ नोव्हेंबर

जयवंता हल्ली तीन उशांना टेकून, बसल्यासारखी झोपते. मी तिला महाराणी म्हणतो. तिसरी उशी माझी. मान धरली आहे, पण सांगत नाही.

आज कामिनी पडदा बाजूला करून सरळ आत आली. "मामाजी, आत्याबाईचे पाय सुजले. जुन्या कार्डावरच नेऊ न दवाखान्यात. कायले थांबून राहिले?"

मी शांतपणे सांगितलं, की जुन्यात आता आमचं नाव नाही, नवं कार्ड आलं की दुसऱ्या दिवशी नेतो. कामिनीने काही बोलायला तोंड उघडलं. जयवंता तिच्याकडे बघून म्हणाली, "राहू दे वं. कार्ड येऊ दे तुह्या मामाजीचं." कामिनी पाय आपटत गेली. मशीनचा आवाज बराच वेळ आला.

जयवंताला घाई नाही, हे एक बरं आहे. दुसरी बायको असती तर माझ्या डोक्यावर बसली असती.

तपासणीचा माणूस अजून आला नाही.

१० डिसेंबर

अधिवेशन सुरू झालं. अर्धं नागपूर बंद आणि उरलेलं पोलिसांनी भरलेलं. प्रस्तावाचं काय झालं ते कोणालाच सांगता येईना, म्हणून देवराव म्हणाला, "चाल, तिथंच जाऊन पाहू." मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटला मोर्चे अडवतात. तिथे पोचलो तर इतके मोर्चे, की कुठला कशाचा कळेना. एका ठिकाणी "आमच्या मागण्या मान्य करा" चाललं होतं. देवराव म्हणाला हाच आपला. आम्ही बसलो, घोषणा दिल्या, त्यांनी पुलावही दिला. पुलाव संपल्यावर शेजारच्याला विचारलं तेव्हा कळलं की हे वाचनालयात काम करणारे लोक आहेत. त्यांची मागणी पगारवाढीची. ती मान्य व्हावी असं मला मनापासून वाटतं, पुलावात मीठ बरोबर होतं.

एका तरुण पोलिसाला योजनेचं विचारलं. तो म्हणाला, "काका, मले इथून तिकडे कोणाले जाऊ द्यायचं नाही, एवढंच माहीत आहे."

घरी आलो तर जयवंता दाराशी खुर्ची टाकून बसली होती. "काय म्हणते सरकार?" म्हटलं, विचार चालू आहे. ती म्हणाली, "मंग मीही विचारच करून राहिली." तिचा हात हातात घेतला. गार होता. थंडी पडली आहे.

१६ डिसेंबर

परवा सकाळी जयवंता अंघोळीचं पाणी उतरवायला वाकली आणि तशीच खाली बसली. ओठ निळसर. बोलायला जाई आणि शब्द निघेना. मी नुसता "अगं, अगं" करत राहिलो. अंकुशने टेम्पोत गादी टाकली. कामिनीने पडदा ओढून काढला, दोरीसकट, त्यातच तिला गुंडाळलं आणि छातीशी धरून मागे बसली. रस्ते अधिवेशनासाठी अडवलेले. एका पोलिसाने टेम्पोत डोकावून बघितलं आणि स्वतः बॅरिकेड सरकवून दिलं.

आत नेल्याबरोबर डॉक्टरांनी तिला ताब्यात घेतलं. मला योजनेच्या काउंटरवर पाठवलं, ज्याच्याकडे मी मागे लांबूनच बघितलं होतं. तिथे मिनल नावाची मुलगी बसते. आरोग्यमित्र म्हणतात तिला.

"कार्ड द्या आजोबा."

जुनं कार्ड दिलं. म्हटलं, "पोरी, याच्यात तिचं नाव नाही. मीच काढून टाकलं. नवं आलं नाही. माह्यं घर लिहून घे, काही कर, पण तिले परत नको पाठवू."

तिने बटणं दाबली. "जयवंता महादेव धकाते. आहे की नाव. कुटुंबप्रमुख."

"नाही. असूच शकत नाही."

"मी पाहून राहिली न आजोबा स्क्रीनवर."

मी तिच्याशी भांडलो. हे लिहायला लाज वाटते, पण भांडलो. आयुष्यात पहिल्यांदा काउंटरपलीकडचा माणूस आहे म्हणत होता आणि मी नाही म्हणत होतो. शेवटी तिने स्क्रीन माझ्याकडे फिरवली. तीन नावं होती. जयवंता, अंकुश, कामिनी.

"तुमचं नाव तेवढं नाही," मिनल म्हणाली. "नवीन कार्डावरही अजून येऊन नाही राहिलं. तुम्ही सध्या कुठंच नाही, आजोबा. स्वतःले जपा."

मग मर्यादेचं विचारलं. अंकुशच्या पायाला त्यातलं थोडंच गेलं होतं. झडपेला पुरून उरेल म्हणाली. मी एका कार्डावर एकच ऑपरेशन या नव्या नियमाचं विचारलं, तर तिने असा नियम ऐकलाच नव्हता. "आधी कोणाले विचारलं नाही का?"

म्हटलं, विचारलं होतं. पानठेल्यावर.

ती मंजुरीच्या कामाला लागली आणि मी बाकावर जाऊन बसलो. माझ्या अर्जाप्रमाणे झालं असतं, तर आज जयवंता माझ्याबरोबर त्या कुठंच नसलेल्या जागी असती. मी रडलो. अंकुश शेजारी येऊन बसला. त्याने "मी सांगितलं होतं" असं म्हटलं नाही. कोणावर गेला आहे कळत नाही.

१८ डिसेंबर

जयवंताला बोलता येतं. नाकात नळी आहे, पायांची सूज उतरली आहे. मला पाच मिनिटं आत सोडलं. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "कळलं का?"

"अर्ज तू बदलला?"

"कामिनीनं नवा लिहिला, मी नवी सही केली. तिचं अक्षर तुमच्याहून बरं हाय."

"ब्लाउजचं माप."

"तेच."

मी विचारलं, काहून. तिने नाकातली नळी नीट केली. मग म्हणाली, "ऑपरेशनच्या टेबलावर जायचं हाय तर पोराच्या घरातली म्हणून जाईन. वेगळी होऊन नाही जाणार. परत आली नाही तर कार्डावर काय राहील, की माय चूल मोडून गेली?"

"न् माह्यं नाव काढलं ते?"

"तुमची हौस होती न."

म्हटलं, मग एवढे दिवस थांबलीस का? कामिनी रोज म्हणत होती, तू तिला गप्प करत होतीस. नाव होतं, कार्ड होतं. तेव्हा तिने मान पलीकडे वळवली. "भेव लागे मले. छाती उघडतात म्हणते. तुमचं कार्ड येऊन नव्हतं राहिलं, तर वाटे बरं हाय, अजून नाही आलं." थोड्या वेळाने म्हणाली, "तुम्हालेही भेव लागून राहिलं होतं. नाही तर एवढं पडदा-बिडदा कोण करते?"

मी म्हटलं, मी सरकारच्या पुढे जाऊन राहिलो होतो. ती हसली. नर्सने मला बाहेर काढलं.

कामिनीला बाहेर विचारलं, मला का नाही सांगितलं. म्हणाली, "आत्याबाईनं शपथ घातली होती मामाजी. रोज वाटे सांगून टाकू. म्हणून मशीनवर राग काढे." मी अळणी भाताचं काढलं, तेव्हा म्हणाली, "मिठाचा राग नव्हता तो. मीठ डॉक्टरनं बंद केलं. तुम्ही तेव्हा काउंटर पाहाले गेले होते."

२३ डिसेंबर

आज ऑपरेशन. दार बंद झालं तेव्हापासून उघडेपर्यंत मी काही केलं नाही, हेही लिहून ठेवतो. योजना आखली नाही, कोणाला सल्ला दिला नाही, देवरावाचा फोन उचलला नाही. कामिनी माझ्या शेजारी बसून हातशिलाई करत होती. मला सुईत दोरा ओवून मागायची. तिची नजर चांगली आहे. मला काम हवं म्हणून मागत होती.

झडप बसली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, रबर बदललं."

५ जानेवारी

जयवंता घरी आली. शेठने यंदाही डायरी पाठवली, ही तिच्यातली पहिली नोंद.

पेपरात योजनेबद्दल तीन बोटं बातमी. बदलांचा अभ्यास करायला समिती नेमणार. पानठेल्यावर देवराव म्हणाला, "आता खरे बदल होतात, लिहून ठेव." मी लिहिलं नाही. उद्या मिनलला फोन करून विचारतो.

कामिनीने हिरवं पातळ धुऊन परत दोरीवर टाकलं. जयवंताला आराम मिळतो, येणारे-जाणारे उठसूट डोकावत नाहीत. त्यामुळे सध्या पडद्यापलीकडे, कामिनीच्या शेगडीच्या जागी, जयवंताची खाट आणि अलीकडे मी आणि माझी शेगडी. सकाळचा चहा मी करतो, कामिनीला शिलाईची घाई असते. वरणही जमायला लागलं आहे. बिनमिठाचं करायचं असल्याने बिघडायला फारसं काही नसतं.

१३ जानेवारी

आज तो आला.

मी चहा टाकून उभा होतो. दारात एक माणूस फाइल घेऊन. "महादेव धकाते? वेगळ्या चुलीची तपासणी होती." एवढे दिवस ज्याची वाट बघितली, तो आता आला.

त्याने शेगडी बघितली, मांडणी बघितली. खूश झाला. "स्वयंपाक तुम्हीच करता?"

"हो." खरं होतं.

"एकटेच?"

"हो." तेही खरं होतं.

"आणि पडद्यापलीकडे?"

"माझी बायको."

त्याने पेन उचललं, मग खाली केलं. "म्हणजे बायको वेगळ्या चुलीवर?"

तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला, "अहो, आलं टाकलं का चहात? न् त्या पाव्हण्यालेही द्या घोटभर."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं. म्हटलं, "साहेब, चूल एकच आहे. हे सगळं मी मांडलं. नवं कार्ड नको, मला परत जुन्यात घ्या."

तो चांगला माणूस होता. चहा प्यायला. म्हणाला, "आजोबा, नाव कमी केलं ते केलं. आता जोडायचं तर वेगळा अर्ज. आणि कुटुंबप्रमुखाची सही लागेल, की त्या तुम्हाले घ्यायले तयार आहेत."

पडद्यापलीकडे खाट कुरकुरली. "विचार करून सांगते," जयवंता म्हणाली.

१४ जानेवारी

संक्रांत. पोरं सकाळपासून गच्चीवर ओरडत आहेत. तीळ मी भाजले, लाडू कामिनीने वळले.

अर्ज कामिनीने लिहिला, मला लिहू दिला नाही. जयवंता खाटेवर उठून बसली, एका उशीला टेकून. चष्मा लावून वाचलं. मग अटी सांगितल्या. सकाळचा चहा यापुढेही मीच करायचा. पानठेल्यावर जायचं, पण तिथलं तिथंच थुंकून यायचं. आणि पुढच्या वेळी डॉक्टरीणबाई बोलत असल्या की खुर्चीवरून उठायचं नाही.

सगळ्याला हो म्हटलं. तिने पेन मागितलं.

मी सवयीने चहाचा कप हातात घेऊन उभा राहिलो, वेळ लागेल म्हणून. तिने "जयवंता महादेव धकाते" एका दमात लिहिलं, कुठेच थांबली नाही, आणि कागद माझ्या हातात दिला. चहा अजून गरम होता.